खिडकीची पाळी

नाना आणि मी तीन वर्षं एकाच गादीवर झोपलो, एकच उशी वापरली, पण नानांना झोपलेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांनीही मला नाही.

यात गूढ काही नाही. सुरतजवळ सचिनला आमचं खातं आहे. इकडे लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. पाळी बारा तासांची. सकाळी सातला रातपाळी सुटते, दिवसपाळी लागते. खोलीत गाद्या सहा, माणसं बारा. मी गादीवरून उठून गेलो की नाना येऊन पडणार, नाना उठून गेले की मी. थंडीत उशीला त्यांच्या डोक्याची ऊब राहिलेली असायची. खोबरेलाचा वास आणि मधोमध एक खोल खळगा. माणूस कसा आहे हे कळायच्या आधी मला त्यांचं डोकं केवढं आहे ते कळलं होतं.

माग पण तेच. रात्री नानांनी चालवलेले आठ माग दिवसा मी चालवायचो. म्हणजे आमची भेट दिवसातून दोनदा, पाळी बदलताना दहा-दहा मिनिटं, तीही त्या खडखडाटात. त्या दहा मिनिटांच्या तुकड्यांतून मला जेवढे नाना मिळाले, तेवढे इथं लिहितोय. माझं शिक्षण आठवीत सुटलं. लिहिताना कुठं काही चुकलं तर तो माझा दोष समजा, नानांचा नाही.

नाव पंडित. शाळा चौथीपर्यंत. स्वतःच म्हणायचे, "आईनं नाव आधी ठेवलं, नंतर पस्तावली." गाव पाचोऱ्याकडचं, बोली अहिराणी. मी हिंगोलीकडचा, मला सुरुवातीला त्यातलं निम्मं कळायचं नाही, म्हणून माझ्याशी बोलताना ते अहिराणीत मराठीचं पाणी घालायचे. मला नावानं कधी हाक मारली नाही. "ए हिंगोली!" एवढंच. तीस-बत्तीस वर्षं मागाच्या आवाजात काढल्यामुळे डावा कान गेलेला, उजवा जायच्या तयारीत. त्यामुळे नाना सगळ्यांशी नदीच्या पलीकडच्या काठावर उभ्या माणसाशी बोलावं तसं बोलत. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन शेठच्या सुनेबद्दल काहीतरी गुपित सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते शेठच्या सुनेलाही कळलं होतं.

आणि नाना माणसं मोजत. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत, ओठ हलवत. चहाच्या टपरीवर गेलो की मोजणार, निघताना मोजणार आणि ओरडणार, "कोनी ऱ्हायनं का रे?" म्हणजे, मागं कुणी राहिलं का? गणपती विसर्जनाला तापीवर गेलो तर गर्दीत उभं राहून आमची मंडळी मोजली. खात्यातल्या एकाच्या लग्नात जेवायची पंगत मोजायला लागले, तेव्हा मुलीच्या बापाला वाटलं हा केटररचा माणूस, आणि त्यानं नानांकडे जिलेबी संपल्याची तक्रार केली. नानांनी ती रीतसर ऐकून घेतली आणि आत जाऊन जिलेबी आणूनही दिली.

मी नवा होतो तेव्हा मला पंधरा दिवस दिवसपाळी आणि पंधरा दिवस रातपाळी मिळाली होती. नव्याला तशीच देतात. पण रात्री मला जागता येईना. भीती वाटायची. डोळा लागला तर हात मागात जाईल, काम जाईल, गावाकडे परत काय तोंड घेऊन जाऊ, असं सगळं एकदम. चौथ्या रात्री उभ्या उभ्या डुलकी लागली आणि मी मागावर कलंडलो. पहाटे पाळीवर लवकर आलेल्या नानांनी कॉलर धरून मागं ओढलं. दुसऱ्या दिवशी शेठकडे गेले आणि म्हणाले, "मला कायमची रात्र द्या, पोराला दिवस द्या. मला दिवसा ऊन लागतं." खात्यात ऊन येत नाही. पत्र्याचं छप्पर आणि बारा महिने ट्यूबलाईट. शेठनंही काही विचारलं नाही. मी आभार मानायला गेलो तर नाना खेकसले, "काय घाबरस रे? मी शे ना!" शे म्हणजे आहे.

तेव्हापासून ते रात्रीचे, मी दिवसाचा.

आता गाडीचं सांगतो.

सुरतहून मुंबईकडे निघालं की बिलीमोरा लागतं. तिथून वघईला छोटी गाडी जाते, डांगच्या जंगलातून. जुनी, अरुंद रुळांची, डुलत डुलत जाणारी. लोक आता मजा म्हणून लांबून येतात तिच्यात बसायला. नानांच्या गावाजवळूनही अशीच गाडी जायची, पाचोरा-जामनेर. ती बंद झाली तेव्हा नाना सुरतेतच होते. एका पाळीनंतर चहा पिताना कुणीतरी बातमी सांगितली. नाना "बरं" म्हणाले आणि कप विसळून ठेवला. टपरीवर गिऱ्हाईक कप विसळत नाही.

मग त्यांनी ध्यास घेतला, की खोलीतल्या बाराच्या बारा जणांना या बिलीमोऱ्याच्या गाडीत बसवायचं. कमी नाही, बाराच. "मोठी गाडी माणसाकडे पाहत नाही," ते म्हणत. "छोटी गाडी थांबस. आमच्याकडे शेतातून माणूस पळत येताना दिसला की डायवर थांबायचा. म्हातारी असली तर दोनदा थांबायचा."

बारा जण एकदम सुटणं ही मात्र सोपी गोष्ट नव्हती. दिवसपाळीची सुट्टी वेगळी, रातपाळीची वेगळी, माग कधी थांबत नाहीत. दिवाळीला थांबतात, पण तेव्हा जो तो गावाकडे पळतो. राहता राहिला एकच मुहूर्त. लाइनच्या दुरुस्तीसाठी वर्षात एखाद-दोनदा सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीज बंद ठेवतात. दोन दिवस आधी शेठ दारात येऊन सांगतात, "गुरुवारे लाईट बंद छे." तेवढ्या एका दिवसासाठी नाना वर्षभर तयार असत. गादीच्या उशाला पिशवी, पिशवीत दोरी, मेणबत्ती, सुईदोरा, बारा कागदी पेले आणि एक शिट्टी. मी एकदा विचारलं, शिट्टी कशाला? म्हणाले, "जंगल शे. कोणी ऱ्हायनं तर?"

पहिल्या वर्षी आम्ही सकाळी सचिन स्टेशनवर उभे होतो. शेठचा फोन आला, दुरुस्ती रद्द, लाईट चालू, या सगळे. आम्ही बटाट्याची भाजी घेऊन मागावर गेलो.

दुसऱ्या वर्षी बिलीमोऱ्यापर्यंत पोहोचलो. फलाटावर उतरल्यावर नानांनी मोजलं आणि त्यांचा चेहरा पडला. पुन्हा मोजलं.

"एक जास्त शे," ते म्हणाले.

कमी असता तर शोधला असता. जास्त असलेला कसा शोधायचा? आणि आमची पंचाईत अशी, की दिवसवाल्यांना वाटत होतं हा रातपाळीतला नवा असेल, आणि रातवाल्यांना वाटत होतं दिवसपाळीतला. दोघं-तिघं खरोखरच नवे होते. एका खोलीत राहून आम्ही एकमेकांना उजेडात नीट पाहिलेलंच नव्हतं. नानांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. "दिवसवाले इकडे, रातवाले तिकडे." एक जण मध्येच उभा राहिला. खांद्याला पिशवी, पिशवीतून बाहेर आलेली गवंड्याची थापी.

"तू कौन?" नानांनी विचारलं.

"राजकुमार," तो म्हणाला.

"किसके साथ?"

त्यानं नानांकडेच बोट दाखवलं. "आप ठेकेदार हो ना?"

सचिनच्या नाक्यावर कामाची वाट बघत बसला होता. डबे घेतलेली माणसं आणि पुढं ओरडत मोजणारा एक म्हातारा, एवढं पाहून तो आमच्यामागं आला होता. तिकीटसुद्धा काढलं होतं बिचाऱ्यानं. हे सगळं निस्तरेपर्यंत पलीकडच्या अरुंद रुळांवर शिट्टी झाली. नाना हात वर करून पळाले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, धोतर नव्हे तर पँट, तरी धोतर सावरावं तशी एका हातानं धरलेली. गाडी गेली.

नाना परत आले. आम्ही सगळे आपापल्या डब्यांकडे बघायला लागलो. बबन मात्र आमच्यातला तोंडाळ. तो म्हणाला, "नाना, थांबली नाही की हो."

"नवा डायवर व्हई," नाना म्हणाले.

तिथंच बाकावर बसून आम्ही तेरा जणांनी जेवण केलं. राजकुमारचा दिवस आपल्यामुळे बुडाला हे नानांच्या मनाला लागलं. त्यांनी त्याला खात्यात लावला. नंतर खोलीतला एक जण गावाकडे गेला, तेव्हा त्याची गादी राजकुमारला मिळाली, आणि नानांची मोजणी पुन्हा बारावर आली.

यंदा त्यांनी तयारी वाढवली. रात्री मागावरून मला फोनवर आवाजाचे निरोप पाठवायचे. तीन तीन मिनिटांचे. सगळा खडखडाट, आणि मध्येच एखादा शब्द वर यायचा. "...बटाटे..." खडखड खडखड "...पण बबनला नको..." खडखड. बबनला बटाटे नकोत की बबनच नको, हे मला सकाळच्या दहा मिनिटांत विचारून घ्यावं लागायचं.

वाटेत काय काय बघायचं त्याची यादी माझ्याकडून लिहून घेतली. रोज दोन-दोन ओळी, मागाच्या आडोशाला. पूल. सागाची झाडं. उनाईचं स्टेशन. मोर, दिसला तर. मग, पायऱ्यांची विहीर. मग, लिंबाचं झाड, त्याला झोका. मी विचारलं, "नाना, तुम्ही कधी गेला होता तिकडं?" नाना म्हणाले, "लिही तू."

एका रविवारी तर त्यांनी गच्चीवर, कापडाच्या ताक्यांवर खुणा करायच्या खडूनं, गाडीचा डबा आखला. बाकं, दार, खिडक्या सहा. दिवसवाल्यांची सुट्टी होती, म्हणून आम्ही सहा जण आणि रातवाल्यांच्या जागी पाच विटा.

"आठे बठ," असं प्रत्येकाला सांगत त्यांनी आम्हाला बसवलं. खिडकीकडे सगळ्या विटा.

बबन उखडला. "आम्ही जिवंत माणसं मध्ये आणि विटा खिडकीला?"

"खिडकीची पण पाळी असते," नाना म्हणाले. "जाताना रातवाले खिडकीत. त्यांनी दिवस बघितलेला नाही. येताना दिवसवाले. वघईला पाळी बदलायची. भांडण नको."

"आणि तुम्ही?"

"मी उभा. मोजायला."

खडूचा तो डबा बरेच दिवस गच्चीवर होता. कपडे वाळत घालायला येणाऱ्या बायका त्याच्या दारातून आत-बाहेर करायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, तरी.

यंदा शेठ म्हणाले, "मंगळवारे लाईट बंद छे." सोमवारची रातपाळी संपवून नाना आणि त्यांचे पाच जण खात्यातून थेट स्टेशनवर आले. कानात कापसाचे बोळे तसेच, केसांत सुताची पांढरी कुसं तशीच. मी तर पहाटेपासून जागा. शेठचा फोन येईल, गाडी चुकेल, तेरावा निघेल, सगळं डोक्यात. मला ठाऊक होतं की यंदा नाही तर मग नाही. नानांनी दिवाळीनंतर गावी परत जायचं ठरवलं होतं. उजवा कानही आता जवळजवळ गेला होता, आणि डोळे मंदावल्यानं धागा तुटलेला त्यांना दिसायचाच नाही. शेठ काही म्हणाले नव्हते, पण नानांना कळत होतं.

बिलीमोऱ्याला मोजलं. बारा. पुन्हा मोजलं. बारा.

गाडीत रातवाले खिडकीला, दिवसवाले मध्ये, अगदी खडूनं आखलं होतं तसे बसलो. गाडी हलली. नाना डब्याच्या मधोमध उभे राहिले, यादी माझ्या हातात. "वाच," म्हणाले.

"एक, पूल," मी वाचलं.

पूल यायला वेळ होता. गाडी इतकी सावकाश आणि इतकी डुलत चालली होती, की शेतातली माणसं मान वळवून बघत होती आणि आम्हालाही त्यांचे चेहरे दिसत होते. गार वारा येत होता. पहिलं स्टेशन गेलं आणि राजकुमारचं कपाळ खिडकीच्या गजाला टेकलं. त्याच्या शेजारचा त्याच्यावर कलला. रातवाले सगळे बारा तास उभे राहून आले होते, त्यांचं समजू शकतो. पण मग बबनचा फोन हातातून मांडीवर आला आणि त्याचं तोंड उघडलं. ती डुलण्याची चाल तशीच होती बहुतेक. पाळण्यासारखी. दुसऱ्या स्टेशनच्या पुढं मी बघितलं, तर नाना आणि मी सोडून सगळे झोपलेले.

आणि पूल आला.

तीन वर्षं त्यांनी ज्याच्यासाठी काढली तो पूल चालला होता आणि बघायला कुणी नव्हतं. मी बबनला हलवायला उठलो. नानांनी माझं मनगट धरलं.

"जपू दे त्यासले," ते म्हणाले. झोपू दे त्यांना.

हळू म्हणाले. नानांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"पण नाना, पूल..."

"पूल कुठं जातोय?" ते माझ्या शेजारी बसले. अंगठा पेरांवर फिरत होता. मग म्हणाले, "उन्हाळ्यात आम्ही सगळे अंगणात ओळीनं झोपायचो. सात भावंडं, बाप, काका. शेवटची गाडी गेली की आई प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत जायची. मोजायची. मी जागाच असायचो. माझ्या डोक्याला हात लागला की मगच झोपायचो." नानांनी डब्यावर नजर फिरवली. "सुरतेत आलो तेव्हापासून निम्मेच झोपेल पाह्यनात. निम्मे कामावर. कधी सगळे नाही."

शेंगा विकणारा आरडत डब्यात आला, नानांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा चवड्यांवर चालत पलीकडे गेला.

साग सुरू झाला. उनाई गेलं. मोर दिसला नाही, किंवा दिसलाही असेल, आम्ही बाहेर फार बघत नव्हतो. मी यादीवर बोट ठेवून म्हणालो, "नाना, पायऱ्यांची विहीर अजून आली नाही. आणि झोक्याचं झाड."

नाना हसले. "हाई ते मना गावनं शे, माझ्या गावचं. इथं कुठून येईल?"

"मग लिहायला का लावलं?"

"कुठंतरी लिहिलेलं असू दे म्हटलं."

मग ते बोलायचे थांबले. मला वाटलं बाहेर बघताहेत. थोड्या वेळानं माझ्या खांद्यावर वजन आलं. तोच खोबरेलाचा वास. तीन वर्षं ज्या डोक्याचा खळगा उशीत बघत आलो, ते डोकं. नाना झोपेत तोंड किंचित उघडं ठेवतात. भुवया ताणलेल्या असतात, जणू काही ऐकू येतंय का ते बघताहेत. अंगठा पेरांवरून अजून फिरत होता. हळू हळू थांबला.

वघई आलं. शेवटचं स्टेशन. बाकीचे लोक उतरले, फोटो काढायला लागले. मी घाबरलो. गाडी परत फिरेल, यार्डात नेतील, कुणी रागावेल. गार्ड खिडकीशी आला, आत बघितलं. अकरा माणसं, निम्मी सुतानं माखलेली, एकमेकांवर पडलेली आणि त्यात ताठ बसलेला मी. मी म्हणालो, "साहेब, उठवतो, आत्ताच उठवतो..."

"सूवा दो ने, भाई," तो म्हणाला. "हजी तो एन्जिन पेली बाजु जशे. गाडी ऊभी छे." झोपू दे, इंजिन अजून त्या टोकाला जायचंय, गाडी उभी आहे.

तो फलाटावरून चालत गेला. इंजिन सुटल्याचा झटका बसला आणि सगळं शांत झालं. झाडांचा आवाज येत होता. मागाचा आवाज नाही, कसलाच नाही.

मी मोजलं. आधी खिडकीचे पाच, मग मधले. नानांच्या डोक्याला हलकेच हात लावला. मी धरून बारा. कोणी मागं राहिलं नव्हतं. मग मीही मान मागं टेकली. काळजी करायला काही सुचलं नाही म्हणून डोळे मिटले, आणि आमच्या खोलीतली बाराच्या बारा माणसं एकाच वेळी झोपली. मोजायला कोणी जागं नव्हतं.